डिटेक्टर-प्रतिमांचे फाइल-प्रकार: रूपांतर करण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच प्रथिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या विवर्तन-प्रतिमांचे, म्हणजे विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांच्या चित्रांचे, तीन डेटा-संच हाती आहेत. पहिला जुन्या सीसीडी डिटेक्टरवरचा असून त्याच्या फाइलींना 'आयएमजी' हा प्रत्यय आहे. तो उघडतो, पण त्याचे इंडेक्सिंग, म्हणजे ठिपक्यांवरून स्फटिकाची जाळी ओळखून प्रत्येक ठिपक्याला अंक देणे, होत नाही. दुसरा पिलाटस या फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरवरचा, सीबीएफ फाइलींचा. तो सुरळीत चालतो. तिसरा आयगर या तशाच डिटेक्टरवरचा, एचडीएफ-५ स्वरूपातला. त्याची 'मास्टर' फाइल प्रोग्रामला सापडते, पण एकही फ्रेम (सुटी प्रतिमा) वाचली जात नाही. तर तिन्ही संच आधी एकाच साध्या स्वरूपात, उदाहरणार्थ सोळा-बिट टिफमध्ये, बदलून घ्यावेत आणि मग प्रक्रिया करावी का?

माझे उत्तर असे की रूपांतर करू नये; निदान आत्ता तरी नाही. विवर्तन-प्रतिमेच्या फाइलीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर मोजलेला आकडा, आणि दुसरी म्हणजे तो आकडा अवकाशात नेमका कोठे आणि स्फटिकाच्या कोणत्या कोनात मोजला गेला हे सांगणारी भूमिती. रूपांतर करणारे साधन बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीकडे अर्धवट आणि दुसरीकडे अजिबात लक्ष देत नाही. एक्सडीएस, डायल्स, मॉस्फ्लम, एचकेएल यांसारखे प्रोग्राम डिटेक्टरने लिहिलेल्या मूळ फाइली वाचण्यासाठीच घडवलेले आहेत. त्यांच्या हाती मूळ फाइल देणे आणि ती वाचताना अडचण नेमकी कोणत्या पायरीवर येते हे शोधणे, हा मार्ग सुरुवातीला लांबचा वाटला तरी शेवटी तोच कमी वेळ घेतो.

सुरुवात फाइलीच्या नावापासून नव्हे, तिच्या पहिल्या काही बाइटांपासून करावी. 'आयएमजी' हा प्रत्यय इतक्या निर्मात्यांनी वापरला आहे की त्यावरून काहीच कळत नाही. एडीएससीच्या सीसीडी डिटेक्टरांची एसएमव्ही फाइल महिरपी कंसाने सुरू होते आणि लगेच हेडरची, म्हणजे आरंभीच्या माहितीच्या भागाची, लांबी सांगते. ती लांबी ५१२ बाइटांच्या पटीत असते आणि त्यापुढचा मजकूर साध्या डोळ्यांनी वाचता येतो. मारसीसीडी किंवा रेयॉनिक्सची फाइल मुळात टिफ असते, पण तिच्या आरंभी एकूण ४०९६ बाइटांचा भाग राखलेला असतो: १०२४ बाइट टिफचे आणि पुढचे ३०७२ बाइट निर्मात्याच्या स्वतःच्या हेडरचे. टिफ वाचणाऱ्या सर्वसाधारण साधनाला या दुसऱ्या भागाचा पत्ताच नसतो, म्हणून चित्र दिसते आणि स्फटिकापासून डिटेक्टरचे अंतर, तरंगलांबी, कोन हे सारे हरवते. सीबीएफ फाइलीच्या पहिल्या ओळीत तीन वेळा पाउंडचे चिन्ह आणि पुढे स्वरूपाचे नाव असते. एचडीएफ-५ फाइलीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटांत 'एच', 'डी', 'एफ' ही अक्षरे असतात. प्रत्यय कोणताही असो, पहिले दोन बाइट सोळा-आधारी पद्धतीने १एफ आणि ८बी निघाले, तर ती जीझिपने दाबलेली फाइल आहे. ही तपासणी एका मिनिटाची असते आणि ती न केल्यामुळे पुढे फार वेळ जातो.

आता पहिल्या, सीसीडीच्या संचाकडे येऊ. हेडरमधील चार नोंदी आधी पाहाव्यात: पिक्सेलचा आकडा किती बिटांचा आहे, बाइटांचा क्रम कोणता, प्रतिमेचे दोन्ही आकार किती आणि पायाभूत भर किती. सीसीडीच्या आकड्यात इलेक्ट्रॉनिकीची एक ठरावीक भर मिसळलेली असते; एडीएससीच्या फाइलींत ती साधारणपणे ४० असते. म्हणजे सावलीतल्या, एकही फोटॉन न पडलेल्या पिक्सेलवरसुद्धा ४० च्या आसपास आकडा दिसायला हवा. तेथे १०२४० च्या घरातले आकडे दिसले, तर बाइटांचा क्रम उलटा वाचला जात आहे हे लगेच ओळखावे, कारण ४० चे दोन बाइट अदलाबदल केले की नेमका तोच आकडा मिळतो. ही भर वजा न करता, किंवा एकदा वजा झालेली असताना पुन्हा वजा करून, इंटिग्रेशन (प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजणे) केले तर ठिपक्यांची तीव्रता फारशी बदलत नाही, कारण पार्श्वभूमी तशीही वजा होते. मात्र त्रुटींचे अंदाज बिघडतात आणि त्याचा परिणाम पुढे स्केलिंगमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेमांच्या तीव्रता एका मापावर आणताना, दिसतो. सीसीडीच्या बाबतीत गेन, म्हणजे एका फोटॉनमागे किती एकके नोंदली जातात तो आकडाही प्रोग्रामला ठाऊक असावा लागतो. फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरांत तो १ असतो, म्हणून त्या डिटेक्टरांवर शिकलेल्यांना या प्रश्नाची आठवणच होत नाही.

जुन्या स्वरूपांपैकी काहींनी मोठे आकडे लहान जागेत बसवण्यासाठी ज्या युक्त्या वापरल्या, त्याही येथे सांगायला हव्यात, कारण सर्वसाधारण रूपांतरक त्यांच्यावरच अडखळतो. रिगाकूच्या आर-अ‍ॅक्सिस इमेज प्लेटच्या फाइलीत सोळा बिटांपैकी सर्वांत वरचा बिट लागलेला असेल, तर उरलेल्या पंधरा बिटांच्या संख्येला हेडरमध्ये दिलेल्या गुणकाने गुणायचे असते. हे न समजणाऱ्या साधनाला सर्वांत प्रखर ठिपके ऋण आकड्यांसारखे दिसतात. मार-३४५ च्या फाइलीत दाबून लिहिलेल्या प्रतिमेबरोबर सोळा बिटांत न मावणाऱ्या पिक्सेलांची वेगळी यादी असते. ब्रुकरच्या फ्रेमला ८० अक्षरांच्या ९६ ओळींचे, म्हणजे ७६८० बाइटांचे हेडर असते. मुख्य प्रतिमा अनेकदा पिक्सेलमागे एकाच बाइटाची असते आणि त्यात न बसणारे आकडे फाइलीच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यात असतात. तक्ता न वाचता प्रतिमा वाचली तर चित्र नीट दिसते, पण प्रत्येक प्रखर ठिपक्याचे शिखर छाटलेले असते. पडद्यावर ही चूक दिसत नाही, म्हणून चित्र दिसले म्हणजे फाइल वाचली गेली असे कधीही मानू नये.

दुसरा संच चालतो आहे, तरीही त्याच्याबद्दल थोडे लिहितो, कारण 'सगळे सीबीएफमध्ये बदलू या' हा पर्यायही नेहमी पुढे येतो. पिलाटस ६एम डिटेक्टरची प्रतिमा २४६३ गुणिले २५२७ पिक्सेलांची असते. आडवे ५ आणि उभे १२ असे ४८७ गुणिले १९५ पिक्सेलांचे भाग, त्यांच्यामध्ये आडव्या दिशेने ७ आणि उभ्या दिशेने १७ पिक्सेलांच्या फटी, असा हा हिशेब आहे. प्रतिमेचा सुमारे साडेआठ टक्के भाग या फटींचा असतो आणि तेथे फाइलीत उणे १ लिहिलेले असते. निकामी पिक्सेलांवर उणे २. म्हणजे या स्वरूपात ऋण आकडा ही मोजणी नसून 'येथे मोजणी नाही' अशी खूण आहे, आणि शून्य ही मात्र खरीखुरी मोजणी आहे. ही प्रतिमा बिनचिन्हाच्या सोळा-बिट टिफमध्ये ढकलली की उणे १ चे ६५५३५ होतात आणि प्रत्येक फट झगझगीत पट्टा होऊन बसते. एखादे साधन शहाणपणा करून ऋण आकड्यांचे शून्य करते. ते त्याहून वाईट, कारण मग फटी आणि खरी रिकामी जागा यांतला भेदच पुसला जातो आणि फटीला लागून असलेल्या ठिपक्यांची पार्श्वभूमी खाली ओढली जाते. याच्या उलट चूक एक्सडीएसमध्ये होते: सीसीडीसाठी लिहिलेल्या जुन्या आदेश-फाइलीतली 'किमान ग्राह्य पिक्सेल-मूल्य १' ही ओळ पिलाटसच्या डेटासाठी तशीच राहिली, तर सगळे खरे शून्य वगळले जातात आणि पार्श्वभूमी वाढलेली दिसते. पिलाटससाठी तेथे ० हवे. शिवाय पिलाटसचा मोजक वीस बिटांचा आहे. दहा लाखांच्या वर जाणारी मोजणी सोळा बिटांत मावणारच नाही.

सीबीएफमधील संक्षेपाची पद्धत साधी आणि निर्दोष आहे. लगतच्या दोन पिक्सेलांतला फरक एका बाइटात लिहिला जातो. तो न मावल्यास एक खूण लिहून दोन बाइट, आणि तेही न पुरल्यास पुन्हा खूण लिहून चार बाइट घेतले जातात. त्यामुळे एरवी सुमारे २५ मेगाबाइट जागा घेणारी प्रतिमा जेमतेम सहा मेगाबाइटांत बसते आणि एकही मोजणी बदलत नाही. हेडर संपून आकडे सुरू होतात तेथे सोळा-आधारी ०सी, १ए, ०४, डी५ हे चार बाइट असतात. त्यांपैकी काही बाइट जुन्या संगणकांवर फाइल पडद्यावर छापताना छपाई तेथेच थांबावी म्हणून निवडले गेले. आज त्यांचा उपयोग एवढाच की आकड्यांचा भाग कोठे सुरू होतो हे प्रोग्रामला निश्चित कळते. हेडरमध्ये आकड्यांच्या भागाची एमडी५ बेरीजही सहसा असते. फाइल हस्तांतरणात बिघडली का, याचा निकाल तिच्यावरून लागतो आणि ती पडताळण्याचा कंटाळा करू नये.

तिसऱ्या संचाची तक्रार सर्वांत सामान्य आहे, आणि तिची कारणे बहुधा दोनच असतात. आयगरची मास्टर फाइल आकाराने लहान असते. तिच्यात मापनाची माहिती, मास्क (वगळायच्या पिक्सेलांचा नकाशा) आणि इतर फाइलींकडे जाणारे दुवे असतात. खऱ्या प्रतिमा 'डेटा' आणि सहा अंकी क्रमांक असलेल्या स्वतंत्र फाइलींत असतात आणि दुव्यांत त्या फाइलींची नावे जशीच्या तशी कोरलेली असतात. कोणी नीटनेटकेपणासाठी फाइलींची नावे बदलली, किंवा मास्टर एका फोल्डरमध्ये आणि डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला, की मास्टर उघडते, फ्रेमांची संख्याही कधी कधी बरोबर सांगते आणि प्रत्यक्ष वाचताना हात वर करते. तेव्हा पहिले काम म्हणजे मूळ नावे परत द्यावीत आणि सगळ्या फाइली एकत्र ठेवाव्यात. दुसरे कारण संक्षेपाचे. या प्रतिमा सहसा बिटशफल आणि एलझेड४ या जोडीने दाबलेल्या असतात. एचडीएफ-५ च्या नोंदणीत त्या फिल्टरचा क्रमांक ३२००८ आहे. तो फिल्टर एचडीएफ-५ च्या मूळ संचात येत नाही, वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर डेटाचा आकार, प्रकार, नाव सगळे दिसते. फक्त आकडे मिळत नाहीत. त्रुटी-संदेशात हा क्रमांक किंवा 'फिल्टर' हा शब्द दिसला तर दुसरे काही शोधत बसू नये.

एक्सडीएस वापरत असाल तर त्याला एचडीएफ-५ वाचण्यासाठी बाहेरची लायब्ररी आदेश-फाइलीत दाखवून द्यावी लागते. डेक्ट्रिसची नेग्गिया आणि डायमंड सिंक्रोट्रॉनची ड्युरिन या दोन प्रचलित आहेत. नेक्सस या एचडीएफ-५ वर आधारलेल्या प्रमाणित मांडणीतल्या फाइलींसाठी ड्युरिन अधिक सोयीची पडते. फाइल-नमुना लिहिताना 'मास्टर' या शब्दाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे टाकायची असतात, हेही नवख्यांना कोणी सांगत नाही. डायल्समध्ये मास्टर किंवा नेक्सस फाइल सरळ आयात करता येते. यांपैकी काहीही बसवण्याऐवजी एकेक फ्रेम सीबीएफमध्ये काढणारे साधन वापरणे शक्य असते, पण त्यात एक खड्डा आहे. आयगरच्या फाइलीत निकामी पिक्सेल आणि फटी त्या प्रकारातल्या सर्वांत मोठ्या आकड्याने दाखवलेल्या असतात: सोळा बिटांच्या प्रतिमेत ६५५३५, बत्तीस बिटांच्या प्रतिमेत ४२९४९६७२९५. बत्तीस बिटांचा आकडा चिन्हासह वाचला की योगायोगाने उणे १ होतो आणि सगळे ठीक दिसते. सोळा बिटांचा मात्र ६५५३५ च राहतो आणि साधनाने मास्क वाचला नसेल तर खरी मोजणी म्हणून पुढे जातो. एकच साधन एका संचावर बरोबर आणि दुसऱ्यावर चुकीचे का चालते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

आता भूमितीकडे वळतो, कारण पहिल्या संचाचे इंडेक्सिंग न होण्याचे मूळ मला तेथेच असावेसे वाटते. हेडर म्हणजे मापन करणाऱ्या यंत्रणेने केलेले विधान आहे. पुरावा प्रतिमेत असतो. बीम-सेंटरचे, म्हणजे मूळ किरण डिटेक्टरवर जेथे पडतो त्या बिंदूचे, उदाहरण घ्या. कोणी ते पिक्सेलांत लिहितो, कोणी मिलिमीटरमध्ये. कोणी वेगाने बदलणारा अक्ष आधी घेतो, तर मॉस्फ्लमच्या परंपरेत दोन्ही अक्षांची अदलाबदल असते. कोणी वरच्या कोपऱ्यातून मोजतो, कोणी खालच्या. डिटेक्टर जवळजवळ चौरस असल्यामुळे चुकीची जोडीही पटण्यासारखी दिसते. पिलाटस ६एमच्या अगदी मध्यावर असलेले केंद्र, १२३१.५ आणि १२६३.५, उलट क्रमाने दिले तर प्रत्येक दिशेने ३२ पिक्सेलांची, म्हणजे १७२ मायक्रॉनच्या पिक्सेलांनी सुमारे ५.५ मिलिमीटरची चूक होते. तरंगलांबी १ अँगस्ट्रॉम, अंतर ३०० मिलिमीटर आणि युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ खोक्याची) बाजू १०० अँगस्ट्रॉम असेल, तर लगतच्या ठिपक्यांतले अंतर सुमारे ३ मिलिमीटर येते. म्हणजे चूक एका पूर्ण ठिपक्याहून मोठी झाली. अशा वेळी इंडेक्सिंग एक तर होत नाही, किंवा त्याहून फसवे म्हणजे एका अंकाने सरकून होते: जाळी बसते, पण सममिती कोठेच जुळत नाही आणि सगळे पी१, म्हणजे सममिती नसलेले, असल्यासारखे भासते. डायल्समध्ये बीम-सेंटर शोधण्याची स्वतंत्र आज्ञा आहे आणि एक्सडीएसच्या इंडेक्सिंगच्या अहवालात पर्यायी मूळबिंदूंचा तक्ता असतो. दोन्हींचा उपयोग करावा.

अंतर आणि तरंगलांबी तपासायला बर्फाची वलये, म्हणजे गोठवलेल्या स्फटिकावरच्या बर्फामुळे प्रतिमेत उमटणारी वर्तुळे, उपयोगी पडतात. एरवी ती कोणालाच नको असतात, पण षट्कोनी बर्फाची ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमची वलये ही फुकटात मिळालेली मोजपट्टी आहे. वर दिलेल्या तरंगलांबीला आणि अंतराला ३.६७ च्या वलयाची त्रिज्या सुमारे ८४ मिलिमीटर येते. म्हणजे पिलाटसवर सुमारे ४८९ पिक्सेल आणि ७५ मायक्रॉनच्या पिक्सेलांच्या आयगरवर सुमारे ११२१. प्रतिमा-दर्शकात वलय त्या जागी नसेल तर हेडरमधला एखादा आकडा खोटा आहे. अंतरातील दोन टक्क्यांची चूक इंडेक्सिंगला बहुधा अडवत नाही. ती युनिट सेलच्या बाजू सुमारे दोन टक्क्यांनी फुगवून किंवा आक्रसून गुपचूप पुढे जाते. वलये नसतील तर त्याच प्रथिनाच्या चांगल्या संचातली युनिट सेल ताडून पाहावी. तुमच्याकडे तो दुसरा संच आहेच.

कोनांच्या नोंदींबाबत थोडक्यात: सलग दोन फ्रेमांच्या हेडरमध्ये आरंभ-कोन एका पायरीने पुढे सरकतो का, ते पाहावे. सगळ्या फ्रेमांवर एकच कोन लिहिलेला असेल, किंवा पायरी शून्य असेल, तर डायल्स त्यांना एक सलग मालिका न मानता सुटे तुकडे किंवा स्थिर प्रतिमा मानते, आणि आयातीच्या अहवालातच ते दिसते.

स्फटिकाच्या परिभ्रमणाची दिशा आणि प्रतिमेचा उलटेपणा हा विषय मात्र सविस्तर समजून घ्यायला हवा. साध्या सीबीएफ हेडरमध्ये परिभ्रमण-अक्षाची दिशा सदिश म्हणून सहसा नसतेच. प्रोग्राम ती गृहीत धरतो किंवा डिटेक्टरच्या अनुक्रमांकावरून ओळखतो. पूर्ण सीबीएफमध्ये आणि नेक्ससच्या एनएक्सएमएक्स मांडणीत प्रत्येक अक्ष कोणत्या अक्षावर बसलेला आहे याची साखळी लिहिता येते, आणि माझ्या मते आकारातली बचत किंवा वेग यांहून हीच त्या मांडणीची खरी कमाई आहे. दिशा उलटी धरली गेली तर दोन-चार अंशांच्या पट्ट्यावर इंडेक्सिंग कदाचित होईल, पण पुढच्या फ्रेमांवर अपेक्षित जागा आणि खरे ठिपके यांची फारकत होत जाते. प्रतिमा अक्षाला लंब दिशेने उलटी झाली तरी हेच लक्षण दिसते, कारण भूमितीच्या दृष्टीने त्या दोन चुका एकच आहेत. खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे: प्रतिमा परिभ्रमण-अक्षाच्या दिशेनेच उलटी झाली, आणि बीम-सेंटरही तसेच उलटे झाले, तर काहीही बिघडलेले दिसत नाही. इंडेक्सिंग होते, इंटिग्रेशन होते, आकडेवारी उत्तम येते. फक्त सगळे आरशातले असते. फ्रीडेल जोडीतले (मूळबिंदूच्या विरुद्ध बाजूंच्या ठिपक्यांच्या जोडीतले) दोन्ही सदस्य आपापल्या जागा बदलतात आणि त्यांच्या तीव्रतांतल्या लहान फरकांचे, म्हणजे अनॉमलस फरकांचे, चिन्ह उलटते. ज्ञात रचना वापरून मॉलिक्युलर रिप्लेसमेंट केली, म्हणजे तिच्या आधारे नवी रचना सोडवली, तर तीही यशस्वी होते, पण अनॉमलस फरकाच्या नकाशात सल्फरच्या जागी शिखरांऐवजी खड्डे दिसतात. प्रतिमेची पहिली ओळ वर काढायची की खाली, याबाबत प्रतिमा-साधनांत एकमत नसल्यामुळे टिफमधून गेलेल्या डेटात ही चूक सहज शिरते. टिफ सुचवणाऱ्यांना मी नेहमी आधी हेच विचारतो की बीमस्टॉपचा (मूळ किरण अडवणाऱ्या तुकड्याचा) दांडा मूळ प्रतिमेत कोणत्या बाजूने येतो आणि रूपांतरित प्रतिमेत कोणत्या बाजूने.

इतके सगळे पाहूनही रूपांतर टाळता येत नसेल, उदाहरणार्थ फाइल-प्रकार वाचणारा प्रोग्रामच उरलेला नसेल, तर ते बत्तीस-बिट, चिन्हासहित आणि निर्दोष संक्षेपाच्या सीबीएफमध्ये करावे. फॅबआयओ ही पायथन लायब्ररी वर उल्लेखलेल्यांपैकी बहुतेक जुनी स्वरूपे ओळखते आणि त्यांतल्या युक्त्याही तिला ठाऊक आहेत. रूपांतरानंतर पडद्यावर बघून समाधान मानू नये. दोन्ही फाइलींतले आकडे वाचून वजाबाकी करावी, आणि मास्क सोडून प्रत्येक पिक्सेलवर शून्य आले तरच पुढे जावे. मूळ फाइली जपाव्यात. पुढे डेटा झेनोडोसारख्या सार्वजनिक भांडारात ठेवायचा झाल्यास तेथेही मूळ फाइलीच द्याव्यात. रूपांतरित फाइल दिली तर वाचणाऱ्याला तुमच्या रूपांतरावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय राहत नाही.

तुमच्या बाबतीत मी पुढील क्रम धरीन. आयगरच्या फाइलींची मूळ नावे आणि फिल्टर यांचा प्रश्न आधी सोडवावा. तो बहुधा अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यानंतर सीसीडीच्या संचातली पहिली आणि तिच्यापासून ९० अंशांवरची अशा दोन फ्रेम घेऊन, पायाभूत भर, बीम-सेंटर, अंतर आणि परिभ्रमणाची दिशा याच अनुक्रमाने तपासावीत, आणि एका वेळी एकच आकडा बदलावा. एवढे करूनही इंडेक्सिंग झाले नाही, तर त्या दोन फ्रेम, त्यांच्या हेडरचा पूर्ण मजकूर आणि आयात व इंडेक्सिंग या दोन्ही पायऱ्यांचे अहवाल न छाटता पाठवावेत. पडद्याची छायाचित्रे पाठवू नयेत. त्यांवरून पिक्सेलवरचा आकडा वाचता येत नाही.